माणसांचीं आडनांवें व गांवांचीं आडनांवें

संस्कृत विद्येच्या इतिहासांत ज्यांचें नांव आदरानें घेतलें जातें ते जर्मन पंडित डॉ. गेऑर्ग ब्यूलर १८६३ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत पौर्वात्य भाषांचे अध्यापक होऊन आले. त्याच वर्षीं बोरघाटांतील लोहमार्ग खुला झाला आणि मुंबईची गाडी खंडाळें व लोणावळें ह्या स्थानकांवरून सरळ पुण्यास जाऊं लागली. ह्या पंडिताच्या आडनांवाचा अर्थ काय असेल, हा प्रश्न मात्र आपल्यापैकीं फार थोड्यांच्या मनांत आला असेल. परकें नांव म्हणजे नुसता ध्वनि, असें आपण धरून चालतों. परंतु जर्मन भाषेंत 'ब्यूल' म्हणजे टेकडी, आणि शेवटचा 'अर' हा प्रत्यय 'तेथें राहणारा' हा अर्थ दाखवितो. टेकडीवर, किंवा ब्यूल नांवाच्या एखाद्या गांवीं, ज्याच्या पूर्वजाचें घर होतें तो ब्यूलर. म्हणजे आपल्याकडील डोंगरे मंडळींचा हा दूरचा भाऊबंदच म्हणावयाचा!

जर्मनींतील इतर आडनांवें पाहिलीं तर तेथेंही आपलीच आळी भरल्यासारखी वाटते. श्मिट म्हणजे लोहार. त्सिमरमान म्हणजे सुतार. श्रायबर म्हणजे लिहिणारा, अर्थात् आपला चिटणीस. शुल्त्से हें नांव गांवच्या मुख्यावरून आलेलें, तेव्हां तो पाटील झाला. ऋग्वेदाचे प्रसिद्ध संपादक माक्स म्यूलर ह्यांच्या ग्रंथावर त्यांचें नांव 'मोक्षमूलर' असें संस्कृत रूपांत छापलेलें आहे. तें वाचून कोणा भाविकास ह्यांत मोक्षाचें मूळ आहे असें वाटल्यास नवल नाहीं. पण म्यूलर म्हणजे पिठाची चक्की चालविणारा! जर्मनींत म्यूलर इतके झाले होते कीं, ह्या पंडितानें आपलें 'माक्स' हें जन्मनांवच आडनांवास जोडून घेतलें व त्या गर्दींतून स्वतःस वेगळें काढलें.

हीं नांवें पिढीजात कशीं झालीं हेंही पाहण्यासारखें आहे. बाराव्या शतकाच्या सुमारास जर्मन शहरांतून वस्ती वाढली, एकाच नांवाचे दहा दहा इसम एका गल्लींत राहूं लागले, आणि कर व करारमदार ह्यांच्या वह्यांत त्यांना ओळखण्यासाठीं दुसरें नांव जोडावें लागलें. खेड्यांत ही चाल फार उशिरां पोंचली. यहुदी लोकांत तर बापाचें नांव लावण्याचीच रीत बहुधा होती. ऑस्ट्रियांत १७८७ सालीं दुसऱ्या जोसेफ बादशहानें आणि प्रशियांत १८१२ सालच्या फर्मानानें त्यांना कायमचें आडनांव घेणें भाग पाडलें. तात्पर्य, जें आडनांव आपण रक्तांतून आलेलें समजतों तें पुष्कळदां कारकुनाच्या दौतींतून आलेलें असतें. आपल्याकडेही पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे हीं मुळांत हुद्यांचीं नांवें होत. हुद्दा गेला तरी नांव राहिलें. म्हणूनच ज्या दोघांचें आडनांव देशमुख तीं दोन्ही एकाच कुळांतलीं असतील असें मुळींच नाहीं.

आतां आपल्या 'कर' प्रत्ययाकडे वळूं. जर्मन 'अर' जें काम करतो तेंच हा करतो. कार्लें गांवाचा तो कार्लेकर, भाजें गांवाचा तो भाजेकर. परंतु ह्यांत एक गंमत आहे, ती सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. कार्ल्यांत राहणाऱ्या माणसास कार्ल्यांतला शेजारी 'कार्लेकर' कशाला म्हणेल? तेथें तर सारेच कार्ल्याचे! तो गांव सोडून पुण्यास किंवा मुंबईस गेला, परक्यांच्या वस्तींत बिऱ्हाड केलें, आणि 'हे कोठले?' असा प्रश्न निघाला, कीं तेव्हां हें नांव जन्मास येतें. बाम्बेर्ग शहर सोडून गेलेल्या माणसासच बाम्बेर्गर म्हणत, तसेंच हें. 'कर' असलेलें आडनांव म्हणजे कोण्या एका पूर्वजानें एकदां गांव सोडल्याचा दाखला होय. तो दुष्काळानें निघाला, नोकरीसाठीं निघाला कीं भाऊबंदकीनें निघाला, हें नांव सांगत नाहीं. तें घरांतील वृद्ध माणसेंच सांगूं शकतात, आणि विद्यार्थिमित्रहो, त्यांना विचारण्याची संधि कायमची नसते.

नुसत्या ध्वनीवरून निष्कर्ष काढणाऱ्यानें मात्र जपावें. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर ह्यांचें घराणें मावळांतलें असावें असें कोणासही वाटेल. प्रत्यक्षांत तें नांव रत्नागिरी जिल्ह्यांतील मावळंगें ह्या गांवावरून आलेलें आहे. त्याचा आपल्या मावळाशीं कांहींएक संबंध नाहीं. दुसरा धोका कुलकथांचा. बडोद्याच्या गायकवाडांविषयीं अशी कथा आहे कीं, त्यांच्या नंदाजी नांवाच्या पूर्वजानें कत्तलीस नेल्या जाणाऱ्या गाई किल्ल्याच्या कवाडांतून आंत घेऊन वांचविल्या, म्हणून घराण्यास गाय आणि कवाड मिळून हें नांव पडलें. कथा सुंदर आहे. तथापि नांव आधीं आणि कथा मागून, असा प्रकार जगांत सर्वत्र घडतो, हें स्मरणांत ठेवून ती ऐकावी.

येथवर आपण गांवानें माणसास नांव दिल्याचीं उदाहरणें पाहिलीं. परंतु लोणावळ्याहून गाडीनें पुण्याकडे निघालें, कीं वाटेंत एक गांव लागतें तेथें हा व्यवहार उलटा झालेला आहे. तें गांव तळेगांव दाभाडे. महाराष्ट्रांत तळीं पुष्कळ व म्हणून तळेगांवेंही पुष्कळ. शिरूर तालुक्यांत तळेगांव ढमढेरे आहे, संगमनेराकडे तळेगांव दिघे आहे. एका वर्गांत चार गोविंद असले म्हणजे शिक्षकांना आडनांवानें हांक मारावी लागते; तशी गांवांनाही आडनांवें लावावीं लागलीं. जर्मनींत दोन फ्रांकफुर्ट आहेत. तेथें एकास माइन नदीचें व दुसऱ्यास ओडर नदीचें नांव जोडून काम भागविलें. आपल्या मावळांतील तळेगांवास मात्र नदीचें नव्हे, तर एका घराण्याचें नांव मिळालें.

हें घराणें लहानसहान नव्हतें. खंडेराव दाभाडे ह्यांना शाहू महाराजांनीं १७१७ सालीं सेनापतिपद दिलें. तळेगांवाजवळ इंदोरी येथें इंद्रायणीच्या कांठीं त्यांची गढी आहे. गुजराथेंत मराठ्यांचा अंमल बसविण्यांत दाभाड्यांचा मोठा हात होता. खंडेराव १७२९ त वारले, आणि दोनच वर्षांनीं, १ एप्रिल १७३१ रोजीं, त्यांचे पुत्र सेनापति त्रिंबकराव डभईच्या रणांत पहिल्या बाजीराव पेशव्यांशीं लढतांना पडले. एकाच छत्रपतींचा सेनापति आणि पेशवा समोरासमोर उभे राहावेत, ही त्या काळची दुर्दैवी गोष्ट होय. त्रिंबकरावांच्या मातोश्री उमाबाई ह्यांनीं पुढें घराण्याचा कारभार नेटानें हांकला. १७५० च्या सुमारास ताराबाईंचा पक्ष घेऊन त्या पुनः पेशव्यांच्या विरुद्ध उभ्या राहिल्या, परंतु यश आलें नाहीं. १७५३ सालीं त्या निवर्तल्या. दाभाड्यांच्या हाताखालीं वाढलेल्या पिलाजी गायकवाडांच्या वंशजांनीं बडोद्यास राज्य स्थापिलें व तें १९४९ पर्यंत टिकलें. धन्याची सत्ता गेली, सरदाराची राहिली.

तरीपण गायकवाडांचें नांव बडोदें शहरास चिकटलें नाहीं, आणि दाभाड्यांचें तळेगांवास चिकटलें तें आजही नगरपरिषदेच्या पाटीवर आहे. ह्या तळेगांवांतून जो बाहेर पडला त्याच्या नांवांत मात्र दाभाडे येत नाहींत. तो नुसता तळेगांवकर होतो. पुण्यामुंबईंत कोणी तळेगांवकर भेटले तर त्यांना 'आपण कोणत्या तळेगांवचे?' असें विचारावेंच लागतें, आणि त्याचें उत्तर पुष्कळदां त्यांना स्वतःलाही आजोबांकडूनच घ्यावें लागतें.