गोड म्हणजे कोणतं गोड?

मधुमेहात साखर वाढण्याची धास्ती आपण सगळेच बाळगून असतो. ती एकाएकी उतरली की मात्र घर गोंधळून जातं. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, काळीज धडधडतं, माणूस असंबद्ध बोलू लागतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांवर ही वेळ अधिक येते.

मग कुणीतरी धावत जाऊन फ्रिजमधली बर्फी आणतं. माया खरी, पण निवड चुकीची. खव्यातल्या किंवा चॉकलेटमधल्या स्निग्धांशामुळे पोटाचं काम मंदावतं आणि साखर रक्तात उशिरा पोचते. इथे तर मिनिटं मोजायची असतात. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात विरघळवून द्यावी, नाहीतर अर्धा कप फळांचा रस. म्हणजे साधारण १५ ग्रॅम. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. आकडा वर आला नसेल तर तेवढंच पुन्हा. 'शुगर फ्री'चं सरबत इथे काडीच्या उपयोगाचं नाही. अकार्बोज, व्होग्लिबोज घेणाऱ्यांना तर ग्लुकोजच हवं. साध्या साखरेचं आतड्यात विघटन व्हावं लागतं आणि या गोळ्या नेमकं तेच अडवतात.

रमजानात हा प्रश्न आमच्या मोहल्ल्यात फार नाजूक होतो. "मगरिबला पंचवीसच मिनिटं उरलीत, एवढ्यासाठी रोजा सोडू?" असं खाला-चाची घामाघूम होऊन विचारतात. सोडायचाच. आजाऱ्याला कुराणातच सवलत आहे, सूरह बकरामध्ये. राहिलेला रोजा नंतर ठेवता येतो. बोटातून थेंबभर रक्त काढून तपासल्यानं रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. तेव्हा मीटर कपाटात ठेवून अंदाजावर दिवस काढण्याचं कारण नाही. इफ्तारला खजूर ही आमची रीत आणि खजुरात ग्लुकोज भरपूर. पण त्यात तंतूही असतात, ते चावून खावे लागतात. साखर उतरलेली असेल तर आधी ग्लुकोजचं पाणी, खजूर मागाहून.

साखर सावरली आणि जेवणाला वेळ असला, तर पोळी किंवा दोन बिस्किटं खावीत. नाहीतर ती पुन्हा घसरते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवून थेट दवाखाना गाठावा.