विश्लेषण : ऑनलाइन मिळणारे ‘लॉबस्टर’ बोडीत सोडावेत का?

निळ्या नांग्यांचा जिवंत ‘लॉबस्टर’, खाली दर आणि ‘घरपोच’ असा शेरा. मत्स्यालयाच्या शौकिनांसाठीच्या अशा जाहिराती मोबाइलवर सहज दिसतात. ज्याच्याकडे स्वतःची बोडी किंवा शेततळे आहे, त्याच्या मनात पुढचा प्रश्न येणारच : पाच-दहा नग मागवून सोडले तर? चंद्रपूर आणि गडचिरोलीत धानाच्या बांध्यांना लागूनच बोड्या आहेत. त्यामुळे इथे या प्रश्नाचे उत्तर पार्सल फोडण्याआधी माहीत असलेले बरे.

हा ‘लॉबस्टर’ नेमका कोण?

खरा लॉबस्टर समुद्रात राहतो. कोकणात त्याच्या भाऊबंदाला शेवंड म्हणतात. जाहिरातीतला प्राणी असतो क्रेफिश. तो गोड्या पाण्यात जगतो आणि भारतात त्याची एकही मूळ प्रजाती नाही. म्हणजे काचेच्या पेटीतला प्रत्येक क्रेफिश बाहेरच्या वंशाचा. ‘रेड क्लॉ’ ऑस्ट्रेलियाकडचा, लाल ‘स्वॅम्प क्रेफिश’ अमेरिकेचा. ‘मार्बल्ड क्रेफिश’ची गोष्ट तर अजबच आहे. 1990 च्या दशकात तो जर्मनीतल्या हौशी लोकांच्या मत्स्यालयांत पहिल्यांदा लक्षात आला. यात सगळ्या माद्याच, आणि नराशिवाय पिल्ले होतात. पुढे मादागास्करमध्ये तो नद्या आणि भातखाचरांत पसरला. जोडी मागवण्याचीही गरज नाही, एक नग पुरतो.

झिंगा चालतो, मग क्रेफिश का नाही?

इथेच खरी मेख आहे. तळ्यात वाढवला जाणारा जंबो झिंगा मूळचा आपल्याकडचाच. तो गोड्या पाण्यात वाढतो, पण त्याच्या अळ्यांना सुरुवातीचे काही आठवडे मचूळ, थोडे खारे पाणी लागते. नदीत राहणारी मादी त्यासाठी खाडीच्या दिशेने उतरते. विदर्भातल्या बोडीत ते पाणी कुठून येणार? म्हणून झिंग्याचे बीज दरवेळी हॅचरीतून आणावे लागते. शेतकऱ्याला हा भुर्दंड वाटतो, पण तोच कुलपाचे कामही करतो. बोडीतून निसटलेला झिंगा मेला की विषय संपला.

क्रेफिशला असे कुलूप नाही. मादी शेकडो अंडी शेपटीखाली सांभाळते आणि पिल्ले त्याच गोड्या पाण्यात मोठी होतात. ओलसर रात्री तो पाण्याबाहेर निघून चालतही जातो.

धान उत्पादकांनी स्पेनकडे पाहावे. तिथे 1973-74 मध्ये लुइझियानातून लाल क्रेफिश आणून ग्वादालकिवीर नदीच्या भातपट्ट्यात सोडले. उत्पन्न मिळाले, हे खरे. पण त्यांनी बांधांत बिळे केली, पाणी झिरपू लागले, कोवळी रोपे खाल्ली गेली. एका धुऱ्याला भोक पडले की वरच्या बांधीचे पाणी खाली जाते, हे नागभीड-सिंदेवाहीच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

बोडी माझी, मग अडचण कोणाला?

पावसाळ्यात बोडी भरून वाहते. सांडव्याचे पाणी नाल्यात, तिथून खालच्या माजी मालगुजारी तलावात आणि पुढे वैनगंगेत जाते. या तलावांवर ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थांचे पोट आहे. एकाच्या हौसेचे नुकसान त्यांच्या जाळ्यात दिसेल. अमेरिकन क्रेफिशसोबत एक बुरशीसदृश रोगही फिरतो. त्याने युरोपातले मूळ क्रेफिश मोठ्या प्रमाणावर मारले. आफ्रिकन मांगूरचा अनुभव तर ताजाच म्हणावा. 2000 मध्ये बंदी आली, तरी तो अजून सापडतो.

परदेशी जलचर देशात आणायला केंद्राची परवानगी लागते. घरपोच मिळते म्हणजे सोडायला मुभा आहे, असे नाही. शंका असल्यास जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावे.

मग मागवायचे काय?

कटला, रोहूसोबत जंबो झिंगा. तळाशी चरणारा मृगळ शक्यतो टाळावा, कारण त्याचे आणि झिंग्याचे ताट एकच. मरळ असेल तर आधी काढावा. तो बीज फस्त करतो.

बीज प्लास्टिकच्या पिशवीत येते : थोडे पाणी, वर ऑक्सिजन, बाहेर थर्मोकोलचा डबा आणि बर्फ. रात्रीचा प्रवास बरा. आपल्या बोड्यांत पाणी मोजकेच महिने टिकते आणि झिंग्याला विक्रीयोग्य व्हायला सहा-आठ महिने लागतात. म्हणून अगदी बारीक बीजापेक्षा नर्सरीत महिना-दीड महिना वाढवलेली पिल्ले जुलै-ऑगस्टमध्ये सोडणे परवडते. एप्रिलपर्यंत ओढत नेऊ नये, पाणी 35 अंशांवर तापले की मर सुरू होते. शेपूट पांढरी पडणाऱ्या विषाणूजन्य आजाराची तपासणी झाली आहे का, हे हॅचरीला पैसे देण्याआधी विचारावे.

कात टाकलेला झिंगा मऊ असतो आणि भाऊबंदच त्याला खातात. तळाशी फांद्या, कौले किंवा पाइपचे तुकडे टाकल्यास त्याला लपायला जागा मिळते.

पार्सल आल्यावर पिशवी न फोडता अर्धा तास बोडीत तरंगत ठेवावी. मग तोंड उघडून बोडीचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे आणि पिल्लांना स्वतःहून बाहेर जाऊ द्यावे. हे सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर करावे. आणि घरच्या मत्स्यालयात आधीच क्रेफिश असेल, तर कंटाळा आला म्हणून तो नाल्यात सोडू नये. दुकानदाराला परत द्यावा.