जुन्या ट्रकला नवा रेडिएटर : किंमत विचारण्याआधी माप घ्या

ज्या व्यापाऱ्याच्या दारात स्वतःची मालवाहू गाडी उभी आहे, त्याला भाड्याच्या गाडीची वाट पाहावी लागत नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या भागांत आमच्यासारख्या कित्येक कापड व्यापाऱ्यांकडे एखादी जुनी टाटा ४०७ किंवा त्याहून मोठी गाडी असते. तिचे हप्ते कधीच फिटलेले असतात आणि म्हणूनच ती धंद्याला परवडते. नवी घ्यायची म्हणजे पुन्हा बँकेची पायरी आली. तेव्हा जुनी गाडी धड ठेवणे हा हौसेचा नव्हे, हिशेबाचा प्रश्न आहे. आणि या हिशेबात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते रेडिएटरकडे.

४०७ ही गाडी १९८६ साली बाजारात आली. त्या काळच्या ट्रकांना तांब्याच्या जाळीचे आणि पितळी टाकीचे रेडिएटर असत. वर्षानुवर्षे विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी भरल्याने आतल्या नळ्यांत क्षार बसतो. गळती लागली की कारागीर झाळून देतो. रस्त्यात अडचण आली तर ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकून वेळ मारून नेतो. पण ती हळदही नळ्यांतच जाऊन बसते. एक दिवस असा येतो की निम्म्या नळ्या बंद, आणि उरलेल्यांवर सगळा भार.

सपाट रस्त्यावर हे कळत नाही. भिवंडीहून सुताची पोती भरून निघालेली गाडी कसारा घाट चढू लागली की कळते. चढावर इंजिनाला जोर जास्त, गाडीचा वेग कमी, म्हणजे समोरून येणारा वारा नाही. फॅन ओढेल तेवढीच हवा. अशा वेळी पाणी उकळले आणि ड्रायव्हरने गाडी तशीच रेटली, तर हेड गॅस्केट जाते, हेड वाकते. मग रेडिएटरच्या किमतीच्या कित्येक पट खर्च इंजिनावर होतो, माल रस्त्यात अडकतो आणि पार्टीला दिलेला शब्द मोडतो, तो वेगळाच.

आधी कारण शोधा

गाडी गरम होते म्हणजे रेडिएटरच गेला, असे नाही. नवा आणण्याआधी फॅनचा पट्टा सैल आहे का, प्रेशर कॅपचे रबर कडक झाले आहे का, खालचा होज पाईप आत ओढला जाऊन चपटा होतो का, हे पाहावे. यंत्रमागाच्या गल्लीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या जाळीत सुताची लव आणि धूळ मिळून नमद्यासारखा थर बसतो. इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला हवा मारली की तो निघतो. काही वेळा एवढ्यानेच काम भागते.

थंड इंजिन सुरू करून कॅप उघडी ठेवावी. पाण्यातून एकसारखे बुडबुडे येत राहिले, तर दोष हेड गॅस्केटचा असण्याची शक्यता मोठी. अशा गाडीला नवा रेडिएटर लावणे म्हणजे फाटक्या खिशात पैसे ठेवणे होय.

तांबे की अॅल्युमिनियम?

आज बाजारात कंपनीचा रेडिएटर मिळतो आणि बाहेरच्या उत्पादकांचाही. बाहेरचा म्हणजे वाईट, असे समजण्याचे कारण नाही. त्यात दोन जाती आहेत. तांब्या-पितळेचा महाग आणि वजनदार असतो, पण गळला तर कोणत्याही गावात झाळून मिळतो. अॅल्युमिनियमचा स्वस्त आणि हलका असतो. उष्णता वाहून नेण्यात अॅल्युमिनियम तांब्याच्या सुमारे साठ टक्केच आहे. तरी त्याच्या नळ्या रुंद ठेवता येतात, म्हणून चांगल्या बनावटीचा अॅल्युमिनियम रेडिएटर कामात मागे पडत नाही. मात्र त्याच्या टाक्या बहुधा प्लास्टिकच्या असतात आणि नेहमीच्या सोल्डरने तो झाळता येत नाही. वाटेत फुटला की बदलणे हाच उपाय.

म्हणून निर्णय गाडीच्या कामावर ठरवावा. खराब रस्त्यावर, आडगावी जाणाऱ्या गाडीला तांब्याचा बरा. महामार्गावर नियमित फेऱ्या करणाऱ्या गाडीला चांगला अॅल्युमिनियमही चालतो. जुना तांब्याचा रेडिएटर दुकानदाराला फुकट देऊ नये. त्याला भंगारात चांगला भाव असतो; तो वजन करून बिलातून वजा करून घ्यावा.

माप कसे घ्यावे

आम्ही कापड घेताना नुसता हात फिरवून भाव ठरवत नाही. रीड, पिक आणि सुताचा काउंट विचारतो. रेडिएटरलाही असेच रीड-पिक आहे. जाळीची उंची, रुंदी आणि जाडी, नळ्यांच्या ओळी किती, एका इंचात पाती किती, हे विचारावे. बाहेरून सारखे दिसणारे दोन रेडिएटर ओळींनी वेगळे असू शकतात. पाती जास्त दाट असणेही प्रत्येक वेळी फायद्याचे नाही. आमच्या भागातल्या लवेने आणि धुळीने दाट जाळी लवकर तुंबते.

त्यानंतर वरच्या-खालच्या नळीचा व्यास आणि कोन, बोल्टांच्या भोकांतले अंतर, फॅनच्या कव्हरची जागा आणि कॅपचा आकडा जुन्याशी ताडून पाहावा. शक्य असल्यास जुना रेडिएटर सोबत नेऊन दोन्ही शेजारी उभे करावेत. पक्के जीएसटी बिल घ्यावे, कारण वॉरंटीचा वाद आला तर तोच पुरावा. ताब्यात घेण्यापूर्वी हवा भरून, पाण्याच्या हौदात बुडवून गळती तपासून घ्यावी.

कॅपबद्दल एक सावधगिरी. दाब वाढला की पाणी उशिरा उकळते. सुमारे अर्ध्या बारच्या कॅपने साधे पाणी १११ अंशांच्या आसपास उकळते, तर एक बारच्या कॅपने १२० अंशांच्या आसपास. म्हणून काही जण जास्त आकड्याची कॅप लावतात. जुने होज पाईप आणि जुने सांधे तो दाब सोसत नाहीत. गाडीला ठरलेलाच आकडा ठेवावा.

बसवताना

नवा रेडिएटर चढवण्यापूर्वी इंजिनातली पाण्याची वाट उलट-सुलट पाणी मारून धुऊन घ्यावी. नाही तर आतला गंज नव्या जाळीत येऊन बसेल. जाळी जुन्यापेक्षा जाड असेल तर ती फॅनच्या जवळ येते. मध्ये निदान एक इंच अंतर हवे, कारण जोर पडला की इंजिन आपल्या रबरांवर हलते. ती रबरे झिजली असतील तर आधी ती बदलावीत. फॅनचे कव्हर ‘बसत नाही’ म्हणून काढून टाकू देऊ नये. त्याच्याशिवाय फॅन जाळीतून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच फिरवत राहतो.

रेडिएटर चेसिसला थेट आवळू नये. खाली रबर हवेच. होज पाईप आणि क्लिपा नव्याच घालाव्यात. काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला देतात. तो ऐकू नये. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की बायपासची वाट बंद करतो. तो काढला तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जाते. शिवाय सपाटीवर इंजिन थंड राहून डिझेल वाया जाते.

पाणी सावकाश भरावे. कॅप उघडी ठेवून इंजिन चालू करावे, थर्मोस्टॅट उघडून वरचा पाईप तापला की अडकलेली हवा निघते आणि पातळी उतरते. तेव्हा पुन्हा भरावे. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर क्लिपा तपासाव्यात. गरम इंजिनाची कॅप मात्र कधीही उघडू नये, हे ड्रायव्हरला आणि क्लीनरला बजावून सांगावे.

कूलंट हा खर्च नव्हे

‘आपल्याकडे बर्फ कुठे पडतो’ असे म्हणून अनेक जण साधे पाणी भरतात. कूलंट गोठण्यापासून वाचवतो, पण गंज आणि क्षार रोखणे हे त्याचे आमच्या उपयोगाचे काम आहे. अॅल्युमिनियमला तर तो अत्यावश्यक होय. घट्ट कूलंट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात शुद्ध केलेले पाणी मिसळावे. तयार असेल तर पाणी घालू नये. दोन जातींचे कूलंट एकत्र करू नयेत. बहुतेक कूलंटमधले ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड असते, म्हणून काढलेले पाणी गल्लीत सांडून ठेवू नये. मुले आणि जनावरे यांना धोका होतो.

शेवटी आमच्या कारागीर बंधूंसाठी दोन शब्द. रेडिएटरच्या सोल्डरमध्ये शिसे असते. बंद दुकानात त्याचा धूर आणि भुकटी रोज अंगात गेली तर रक्तात शिसे साचते. काम मोकळ्या हवेत करावे, हात धुतल्याशिवाय खाऊ-पिऊ नये, कामाचे कपडे घरी नेऊ नयेत, लहान मुलांना त्या कामाजवळ बसवू नये. आणि गाडीमालकांनी मजुरीत घासाघीस करून कारागिराला घाईला लावू नये. धुणे, माप जुळवणे, हवा काढणे या कामांना वेळ लागतो. तो वेळ ज्याने विकत घेतला, त्याची गाडी घाटात उभी राहण्याची वेळ सहसा येत नाही.