उंबरखिंडीची लढाई टेबलावर लढायची असेल तर? काय असतो मिनिएचर वॉरगेम, समजून घ्या

पेण असो की रोहा, दिवाळी आली की अंगणात दगडमातीचा किल्ला उभा राहतो. वर सिंहासनावर महाराज, दरवाज्यात पहारेकरी, उतारावर अळीव पेरून केलेलं जंगल. भाऊबीज झाली की मावळे परत खोक्यात.

पण हेच मावळे हलायला लागले तर? समोर शत्रूचं सैन्य असेल, दोन्ही बाजूंना एकेक खेळाडू असेल, फासे पडतील आणि निकाल आधी कुणालाच माहीत नसेल तर? जगभरात हा खेळ खेळला जातो. त्याला म्हणतात मिनिएचर वॉरगेम.

हा खेळ आला कुठून?

१८१२ च्या सुमारास प्रशियात राइसविट्स नावाच्या अधिकाऱ्याने लष्करी सरावासाठी युद्धाचा एक खेळ तयार केला. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम सुधारून छापले. पुढे १९१३ मध्ये विज्ञानकथा लिहिणाऱ्या एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिलं आणि खेळण्यातले शिपाई घेऊन लढाई कशी खेळायची ते सामान्य लोकांना सांगितलं.

आज या खेळात जुन्या लढाया पुन्हा मांडल्या जातात. उदाहरणार्थ, अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातलं १८१२ चं युद्ध. १३ ऑक्टोबर १८१२ ला अमेरिकन सैनिक नायगारा नदी ओलांडून क्वीन्स्टन हाइट्सच्या टेकडीवर चढले. ब्रिटिश सेनापती आयझॅक ब्रॉक मारला गेला. तरीही अमेरिकन हरले. कारण पलीकडच्या काठावरच्या त्यांच्या अनेक मिलिशिया सैनिकांनी नदी ओलांडायलाच नकार दिला.

आता ही लढाई टेबलावर मांडताना सगळी कुमक हुकूम मिळताच नदी पार करत असेल, तर ती क्वीन्स्टनची लढाई राहतच नाही. म्हणून प्रत्येक तुकडीसाठी फासा टाकायचा नियम करता येतो. ठराविक आकडा आला तरच ती होडीत बसेल. लढाईचं खरं कारण शोधून त्याचा नियम करणं, हाच या खेळाचा गाभा.

मग रायगड जिल्ह्यातली कोणती लढाई घ्यायची?

सगळ्यात चपखल लढाई म्हणजे उंबरखिंड. काळ फेब्रुवारी १६६१. शाहिस्तेखान पुण्यात तळ ठोकून होता. त्याने कारतलबखानाला कोकणात पाठवलं. कल्याण, पनवेल आणि आजच्या रोहा तालुक्यातलं नागोठणे, हा सगळा पट्टा त्याला हवा होता. खानासोबत रायबागनही होती. फौज लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने खाली उतरली आणि दाट जंगलातल्या अरुंद खिंडीत शिरली. तिथे शिवाजी महाराज आधीच दबा धरून बसले होते.

पुढची वाट बंद, मागची वाट बंद. फौज खिंडीत कोंडली गेली. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली आणि खंडणी देऊन सुटका करून घेतली. कवींद्र परमानंद यांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत ग्रंथात या लढाईचं वर्णन आहे. आज खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ अंबा नदीच्या काठी तिचं स्मारक आहे. हीच अंबा पुढे नागोठण्यावरून वाहत पेणजवळच्या धरमतर खाडीला मिळते.

टेबलावर खिंड कशी बसवायची?

पहिला प्रश्न मापाचा. वॉरगेममध्ये २८ मिलिमीटरचे सैनिक लोकप्रिय आहेत. म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण साठाव्या भागाएवढे. पण समजा, ३ किलोमीटरची खिंड ६ फुटी टेबलावर बसवली. त्या प्रमाणात मोजला तर हाच मावळा सुमारे ४५ मीटर उंच ठरतो, म्हणजे पंधरा मजली इमारतीएवढा!

म्हणून माणसाचं माप वेगळं आणि जमिनीचं वेगळं ठेवतात. एक बाहुली म्हणजे एक माणूस नाही, तर वीस किंवा पन्नास माणसं. एक डाव म्हणजे दहा-पंधरा मिनिटांची लढाई.

सैनिक कुठून आणायचे? उंबरखिंडीचा तयार संच मिळाला नाही, तर स्वतः घडवता येतात. साचा, माती, रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी, हे काम पेण, हमरापूर आणि जोहे इथल्या मूर्तिशाळांमध्ये पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. इथे फक्त माप बोटभर होतं.

सगळ्यात अवघड भाग: गनिमी कावा

टेबलावर मावळे मांडले की ते समोरच्याला दिसणारच. मग छापा कसला? उपाय असा: मावळ्यांच्या जागा आधी कागदावर लिहून ठेवायच्या. टेबलावर फक्त चिठ्ठ्या ठेवायच्या, त्यातल्या काही कोऱ्या. खानाची तुकडी जवळ आली की चिठ्ठी उलटायची.

दुसरी अडचण तहान आणि थकवा. त्यासाठी खिंडीत अडकलेल्या तुकडीचं बळ दर डावाला थोडं कमी करायचं. तिसरी अडचण वाटेची. अरुंद पायवाटेवर एका वेळी एकच तुकडी पुढे सरकेल. फौज कितीही मोठी असो, लढणार फक्त पुढची आणि मागची टोकं. मोठ्या संख्येचा उपयोग का झाला नाही, हे इथे पाच मिनिटांत कळतं.

आणि खेळात महाराज हरले तर?

हा प्रश्न महाराष्ट्रात हमखास येणार. त्यासाठी जिंकण्याची व्याख्या बदलता येते. खानाच्या खेळाडूने लढाई जिंकायची नाही, फक्त फौज वाचवायची. इतिहासातल्या खानापेक्षा जास्त तुकड्या त्याने बाहेर काढल्या, तर तो सरस. मावळ्यांच्या खेळाडूसमोरची कसोटी वेगळी: कमीत कमी माणसं गमावून शरणागती मिळवायची. महाराजांची बाहुली डावातून बाद होणार नाही, असाही नियम ठेवता येतो.

मात्र खानाच्या बाजूला खरी संधी द्यावी लागते. समोरचा मूर्खच होता असं धरून खेळलं, तर महाराजांनी निवडलेली जागा आणि साधलेली वेळ किती अचूक होती ते कळणारच नाही. खानाच्या जागी बसलेल्या खेळाडूने सगळे पर्याय वापरूनही सुटका होत नाही, तेव्हा त्या योजनेची किंमत समजते.

यंदा दिवाळीत किल्ल्याच्या पायथ्याशी दोन फूट जागा मोकळी ठेवा. दोन फासे, काही चिठ्ठ्या आणि गेल्या वर्षीचे मावळे. सुरुवातीला एवढं पुरेसं आहे.