जाम ब्रेक, मुरणारे तेल

खारघरच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला पनवेलची खाडी. पावसाळ्याचे चार महिने पाणी ओतत असते आणि एरवीही हवेतली ओल हटत नाही. सेंट्रल पार्क, व्हॅली गोल्फ कोर्स, सोसायट्यांच्या बागा असलेल्या अशा ठिकाणी माती-खत वाहायला आणि गवत कापायला छोटा ट्रॅक्टर फार कामाचा. मात्र पावसाळाभर तो उघड्यावर उभा राहिला, की आधी ब्रेक जाम होतो.

या छोट्या ट्रॅक्टरांमधले ओळखीचे नाव म्हणजे मित्सुबिशी शक्ती एमटी १८०डी. १९६७मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या व्हीएसटी कंपनीचा हा तीन सिलिंडरांचा, साडेअठरा अश्वशक्तीचा, बागेच्या ओळींतून सहज जाणारा ट्रॅक्टर. त्याचे ब्रेक शू पद्धतीचे आहेत. पेडल दाबले की कॅमचा दांडा फिरतो, शू फाकतात आणि त्यांचे लायनर ड्रमला आतून घासतात. पाणी शिरू नये अशीच त्यांची रचना असते. पण सील जुने झाले की ओल आत जातेच.

गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे दांडा आणि बुश यांच्यातली केसभर फट भरून जाते. पेडल दाबल्यावर वर येत नसेल तर बहुधा हाच दांडा अडकलेला असतो. पेडल मोकळे असून चाक फिरत नसेल, तर लायनर ड्रमला चिकटल्याची शंका घ्यावी.

सोडवायला घेताना सपाट जागा हवी. पुढच्या चाकांना दगड लावावेत, जॅकने मागचा भाग उचलून भार घोडीवर द्यावा; नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नये. ॲडजस्टर ढिला करून दांड्याच्या तोंडाशी गंज सोडवणारे तेल सोडावे आणि रात्रभर मुरू द्यावे. सकाळी लिव्हर किंचित पुढे, किंचित मागे. पितळी हातोडीचे हलके ठोके द्यावेत. तांबूस चिखल बाहेर येऊ लागला की पुसावा आणि पुन्हा तेल द्यावे. एकाच दिशेने जोर लावला तर दांडा पिळवटतो. गॅसबत्ती अगदी शेवटी, तीही शू आणि सील काढल्यावर, डिझेलपासून दूर.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावी. लायनर तेलाने भिजले असतील तर दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. दांडा बारीक पॉलिश पेपरने घासून उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ हात द्यावा. ग्रीस लायनरला लागता कामा नये.

शेवटचे काम सर्वांत मोलाचे: दोन्ही पेडलांची ढिलाई सारखी करणे. शेतात वळण्यासाठी डावा-उजवा ब्रेक वेगळा असतो, पण रस्त्यावर दोन्ही पेडले खिळीने जोडूनच चालवायची. एक बाजू आधी धरली तर ट्रॅक्टर तिकडे ओढला जातो आणि मागे भरलेली ट्रॉली असेल तर उलटूही शकतो. म्हणून आधी मोकळ्या मैदानात, सावकाश चाचणी घ्यावी.

ट्रॅक्टरवाल्यांना एवढीच विनंती: पावसाळ्यात तो सपाट जागी, छताखाली ठेवा, चाकांना दगड लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. आठवड्यातून एकदा चार पावले चालवून ब्रेक दाबा. हे जपले तर हातोडी घ्यायची वेळ क्वचितच येईल.