चांदमारीचा सराव आणि प्रत्यक्ष प्रसंग

आत्मसंरक्षणासाठी शस्त्र चालविण्याची वेळ पोलिसांवर क्वचितच येते. परंतु ती आली म्हणजे विचाराला अवधी मिळत नाही. छातीची धडधड वाढते, दृष्टी समोरच्या धोक्यावर खिळते आणि बोटांची नाजूक कामे अवघड होतात. अशा क्षणी वर्गात ऐकलेले आठवत नाही. हाताला जे वळण लागलेले असते, तेच हात करतो. म्हणून सरावात काय शिकविले जाते याइतकेच, सरावात नकळत कोणती सवय जडते याकडेही लक्ष देणे अगत्याचे आहे.

न्यूहॉलचा धडा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात न्यूहॉल येथे ५ एप्रिल १९७० रोजी मध्यरात्रीच्या सुमारास महामार्ग पोलीस दलाचे चार तरुण कर्मचारी दोन सशस्त्र गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत काही मिनिटांतच ठार झाले. चौघांचीही सेवा दोन वर्षांहून कमी होती. त्यांपैकी एक जण रिकाम्या रिव्हॉल्व्हरमध्ये एकेक काडतूस भरीत असतानाच मारला गेला. त्याच्या खिशात रिकाम्या पुंगळ्या सापडल्या, कारण चांदमारीच्या मैदानावर त्या वेचून ठेवण्याची शिस्त होती, अशी हकीकत पुढे कित्येक वर्षे प्रशिक्षणवर्गांतून सांगितली गेली. नंतरच्या बारकाईच्या अभ्यासात या हकीकतीला आधार मिळाला नाही. तथापि, तिच्यामागील शंका रास्त होती. मैदानाच्या सोयीसाठी लावलेली सवय मैदानापुरतीच राहील, याची हमी कोणी द्यावी? या घटनेनंतर त्या दलाने प्रशिक्षणात सुधारणा केल्या आणि सहाही काडतुसे एकदम भरण्याचे साधन स्वीकारले.

दडपणाखाली सराव

सराव दडपणाखाली केल्यास उपयोग होतो काय, याची पाहणी नेदरलँड्समध्ये १७ पोलिसांवर करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाने पुठ्ठ्याच्या निशाणांवर सराव केला. दुसऱ्या गटासमोर रंगीत साबणाच्या गोळ्या उलट झाडणारा प्रतिस्पर्धी उभा करण्यात आला. प्रारंभी दडपण येताच दोन्ही गटांची नेमबाजी खालावत असे. सरावानंतर दुसऱ्या गटाचा नेम दडपणाखालीही टिकून राहिला. पहिल्या गटाचा मात्र पूर्वीप्रमाणेच ढळला. दोन्ही गटांनी सराव केला होता. फरक होता तो सराव कोणत्या परिस्थितीत केला याचा.

हे तत्त्व पोलीस दलापुरते मर्यादित नाही. शाळेतील आगीची कवायत पूर्वसूचना देऊन, सर्व दरवाजे उघडे ठेवून घेतली, तर मुलांना रांगेने चालण्याची सवय लागेल; बंद दरवाजापाशी काय करावे, हे ती शिकणार नाहीत. गावात पुराच्या प्रसंगाची रंगीत तालीम केवळ दिवसाउजेडी झाली, तर रात्रीच्या अंधारात ती अपुरी पडेल. शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांनी अशा प्रत्येक तालमीत काही अडचण हेतुपुरस्सर ठेवावी. तालमीतील गोंधळ सुधारता येतो; प्रत्यक्ष संकटात मात्र तशी दुसरी संधी मिळेलच असे नाही.