'नंतर करू' म्हणून ठेवलेलं काम आणि मध्येच निघून गेलेली डिस्क

चालू मशीनमधून डिस्क उपटली तर तिच्यावरचा डेटा जाईल, ही भीती सगळ्यांनाच असते. माझ्या पीएचडीचा विषय त्याच्या एक पाऊल पुढचा आहे. डिस्क गेली आणि तिच्यासोबत अख्खा कर्नल कोसळला तर? म्हणजे त्याच सर्व्हरवरच्या बाकीच्या धडधाकट डिस्क आणि त्यांच्यावर चालणारा डेटाबेस, सगळं एका डिस्कपायी बंद. असं खरंच होतं, आणि बऱ्याचदा त्याच्या मुळाशी ड्रायव्हरने 'नंतर करू' म्हणून बाजूला ठेवलेलं एखादं काम असतं.

आधी हे काम बाजूला का ठेवावं लागतं ते बघू. डिस्कचं वाचन-लेखन संपलं की ती प्रोसेसरला इंटरप्ट पाठवते. प्रोसेसर हातातलं सोडून ड्रायव्हरच्या इंटरप्ट हँडलरकडे धावतो. इथे थांबायला, झोपायला सक्त मनाई. म्यूटेक्स घेता येत नाही, मेमरी मोकळी होईपर्यंत वाट बघता येत नाही. पण डिस्क अडकली असेल तर तिला रीसेट करायला कधी कधी काही सेकंद लागतात! म्हणून हँडलर फक्त नोंद करतो आणि लांबलचक काम वर्कक्यूमध्ये टाकतो. मग एखादा वर्कर थ्रेड सवडीने ते उचलतो. लिनक्समध्ये वर्कक्यू 2002 साली आल्या. 2010 मध्ये तेजुन हिओ यांनी त्यांची आतली रचना जवळजवळ नव्याने केली, ती 2.6.36 आवृत्तीपासून आहे.

आमच्या वणीच्या कांदा मार्केटचं उदाहरण घ्या. लिलाव भराभर होतो. बोली सुटली की शेतकऱ्याच्या हातात चिठ्ठी पडते आणि पुढच्या ट्रॅक्टरची बोली सुरू. वजन, माल खाली करणं, हिशोबपट्टी हे सगळं नंतर, व्यापाऱ्याच्या खळ्यावर. लिलावाच्या जागीच प्रत्येक ट्रॅक्टर खाली करत बसले तर रांग रस्त्यावर येईल. आता समजा, चिठ्ठी निघाली आणि ट्रॅक्टर पोहोचायच्या आत व्यापाऱ्याने ते खळं सोडलं, तिथे दुसऱ्या कुणाचा तरी माल पडला. ट्रॅक्टरवाला माणूस आहे, तो विचारेल तरी. वर्कर थ्रेड विचारत नाही. चिठ्ठीवरच्या पत्त्यावर जातो आणि ट्रॉली उलटी करतो.

ड्रायव्हरमध्ये नेमकं हेच घडतं. कामाची नोंद बहुधा त्या डिव्हाइसच्याच स्ट्रक्चरच्या पोटात असते, आणि क्यूकडे असतो फक्त तिचा पत्ता. डिस्क निघाली, ड्रायव्हरने स्ट्रक्चरची मेमरी परत केली, कर्नलने ती तिसऱ्यालाच दिली. त्यानंतर वर्कर जुन्या पत्त्यावर जाऊन लिहितो. याला म्हणतात यूज-आफ्टर-फ्री. नशीब चांगलं असेल तर कर्नल तिथल्या तिथे पडतो. वाईट असेल तर दुसऱ्याच कुणाच्या डेटात गुपचूप बदल होतो. आणि हल्लेखोर हुशार असेल तर तो याच फटीतून आत शिरतो.

यावर औषध आहे, नाव 'कॅन्सल वर्क सिंक'. काम क्यूत पडून असेल तर काढून टाकतं, चालू असेल तर संपेपर्यंत थांबतं. बरेच लोक हा एक कॉल लिहून मोकळे होतात. पण तुम्ही रद्द केल्यानंतर एखादा उशिरा आलेला इंटरप्ट किंवा टायमर तेच काम पुन्हा क्यूत टाकू शकतो, त्याचं काय? त्यातून टायमर कामाला जागं करतो आणि काम टायमरला पुन्हा लावतं, अशी जोडगोळी असेल तर आधी कोणाला मारायचं हाच प्रश्न. 6.2 आवृत्तीत टायमर कायमचा बंद करणारं 'टायमर शटडाउन सिंक' आलं, ते याच त्रासापायी. 6.10 मध्ये 'डिसेबल वर्क सिंक' आलं. ते नुसतं रद्द करत नाही, पुन्हा क्यूत टाकायलाही मज्जाव करतं.

दुसरा सापळा उलटा आहे. तुम्ही लॉक धरून काम संपायची वाट बघताय आणि त्या कामाला तेच लॉक हवंय. दोघंही जन्मभर बसा!

एनव्हीएमई ड्रायव्हरमध्ये हे कसं सोडवलंय ते पाहण्यासारखं आहे. डिव्हाइस काढताना सगळ्यात आधी कंट्रोलरची स्थिती 'डिलीटिंग' केली जाते. इथून पुढे कुणी रीसेट मागितलं तर ते क्यूत जातच नाही, मागणाऱ्याला नकार मिळतो. मगच आधीपासून चालू असलेल्या रीसेटची वाट बघितली जाते. म्हणजे आधी दार बंद, मग आतल्यांना बाहेर येऊ देणं, आणि शेवटी घर पाडणं. या ड्रायव्हरच्या क्यूही तीन आहेत: किरकोळ कामांची, रीसेटची आणि डिलीटची. डिलीट रीसेटसाठी थांबतं, रीसेट किरकोळ कामांसाठी थांबतं. सगळे एकाच रांगेत असते तर एकमेकांची वाट बघत अडकण्याचा धोका होता. मला तरी हा कोड पाठ्यपुस्तकाइतका मोलाचा वाटतो.

स्टोरेजमध्ये आणखी एक पेच आहे, जो कीबोर्डच्या ड्रायव्हरला कधी भेटत नाही. मेमरी संपत आली की कर्नल न लिहिलेली पानं डिस्कवर लिहून जागा करतो. ते लिहिणं पूर्ण व्हायला वर्कर हवा, नवा वर्कर बनवायला मेमरी हवी, आणि मेमरी हवी म्हणून तर लिहायला निघालो होतो. म्हणून अशा क्यूवर 'मेम रिक्लेम' हा फ्लॅग लावतात. तो लावला की क्यूसाठी एक 'रेस्क्यूअर' थ्रेड आधीच तयार करून ठेवला जातो. विसरलात तर भरपूर रॅम असलेल्या टेस्ट मशीनवर काहीच कळत नाही. कळतं ते ग्राहकाच्या सर्व्हरवर, ऐन लोड असताना.

हे दोष सापडत का नाहीत, हाच माझ्या कामाचा गाभा. केसॅन नावाचं साधन चुकीचा मेमरी-स्पर्श पकडतं, पण तो स्पर्श घडला तरच. घडायची खिडकी असते मायक्रोसेकंदांची. म्हणून मी ती खिडकी मुद्दाम ताणते: वर्करच्या सुरुवातीला खोटी झोप घालते आणि तेवढ्यात डिव्हाइस काढून घेते.

तुम्हाला करून बघायचं असेल तर खऱ्या डिस्कला हात लावू नका. क्यूईएमयूमध्ये दोन डिस्क द्या, सिस्टीम एकीवर ठेवा, दुसरी एनव्हीएमई असू द्या. कर्नल केसॅन आणि लॉकडेप चालू करून बिल्ड करा. एनव्हीएमईवर एफआयओने सतत लिहायला लावा आणि सिसएफएसमध्ये त्या पीसीआय डिव्हाइसच्या 'रिमूव्ह' फाइलमध्ये 1 लिहा. एफआयओ एररने थांबेल, ते ठीकच आहे. दुसऱ्या टर्मिनलवर डीमेसेज उघडं ठेवा. तिथे 'यूज-आफ्टर-फ्री' दिसलं तर खालच्या स्टॅकमध्ये तीन वाटा शोधा: मेमरी कोणी घेतली, कोणी परत केली आणि त्यानंतर तिथे कोण गेलं.